खालीची जागा

रात्री उशिरा मित्राने मोबाइलवर एक आवाज पाठवला. नुसता आवाज. उभ्या मोटरसायकलचा, सावकाश धडधडणारा. ऐकता ऐकता माझा हात मांडीवर आला आणि ठेका धरू लागला. तीन ठोके, मग काहीच नाही. पुन्हा तीन.

गाडी लावेर्दा जोटा, 1976 ची. इटलीतल्या ब्रेगान्झे गावची. 1873 पासून शेतीची अवजारं बनवणाऱ्या घराण्याची. तीन सिलिंडर, 981 सीसी, नव्वदच्या आसपास अश्वशक्ती, आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वेग. पण मला भूल पडली ती क्रँकशाफ्टची. तीन सिलिंडर म्हटले की 120 अंशांची समान वाटणी करावी, हा शहाणपणा. इथे कडेचे दोन पिस्टन जोडीने वर जातात तेव्हा मधला तळाशी असतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार ठोक्यांची जागा आणि ठोके तीनच. चौथ्या सिलिंडरला कुणी रजा दिल्यासारखी.

हा तर त्रिताल. तीन टाळ्या, एक खाली.

नऊ वर्षांचा असताना मी तबला शिकायला जायचो. जिना इतका अरुंद, की उतरणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागे. सर आधी तबल्याला हातच लावू देत नसत. महिनाभर नुसत्या टाळ्या. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी. नववी आली की माझे हात आपोआप एकमेकांवर आपटायचे. सर रागावत नसत. पुढच्या आवर्तनात आठवी सरताच माझं मनगट हवेतच पकडायचे आणि मात्रा निघून जाईपर्यंत धरून ठेवायचे. त्यांच्या बोटांना पावडरचा वास असे. म्हणायचे, ‘‘अरे, मात्रा आहे तिथे. टाळी नाही, एवढंच.’’

ही खाली लावेर्दाला फुकट मिळाली नव्हती. दोन पिस्टन वर आणि एकच खाली, म्हणजे हिसके आलेच. ते स्वाराच्या तळहातांना भोगावे लागत. 1982 मध्ये कंपनीने 120 अंशांचा क्रँक आणला. गाडी मवाळ झाली, समंजस झाली. माझा काही आक्षेप नाही. पण समंजस गाड्या पुष्कळ आहेत.

जोटा हे नाव स्पेनमधल्या नाचाचं, तोही तिनाच्या लयीतला. तिकडे ते ‘होता’च्या जवळपास उच्चारतात. मराठी कानाला उगाच चुटपुट लागते.

सरांच्या डग्ग्याची शाई मधोमध नव्हती, एका अंगाला सरकलेली होती. बनवणाऱ्याची चूक असावी, असं मला बरेच दिवस वाटायचं. शेवटी धीर करून विचारलं.

‘‘मधोमध असती,’’ सर म्हणाले, ‘‘तर मनगट कुठे टेकवशील?’’