बुरणूस

आईने वडिलांसाठी विणलेला राखी रंगाचा स्वेटर आम्ही भावंडांनीच बिघडवला. ग्वाल्हेरची थंडी ओसरू लागली होती आणि आई जाऊन वर्ष होत आले होते. ट्रंकेतला तो स्वेटर धुऊन नीट ठेवावा, एवढाच आमचा हेतू. धुलाई यंत्रात कढत पाणी, साबण आणि तासभर घुसळण! बाहेर आला तो पाच वर्षांच्या मुलाला बसेल एवढा, जाड आणि घट्ट. वडिलांनी तो हातात घेतला, बोटांनी आईचे टाके शोधले. एकही लागेना. ते काहीच बोलले नाहीत.

पुढे कित्येक दिवस आम्ही तो भिजवून ओढीत राहिलो. त्या खटपटीतच कारण उमगले. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक, टोकाकडे कललेले. उष्ण, साबणमिश्रित पाण्यात तंतू फुगतो, लवचीक होतो. घुसळला की मुळाच्या दिशेने सहज सरकतो; उलट फिरू पाहिला की खवले अडतात. प्रत्येक हिसक्यासरशी गुंता वाढतो, सुटत मात्र नाही. कापसाला असे खवले नाहीत, म्हणून त्याचा असा गोळा होत नाही. यंत्रात धुण्याजोग्या लोकरीचे खवले बहुधा क्लोरिनने बोथट करून वर पातळ लेप देतात. आईच्या लोकरीवर तो संस्कार नव्हता.

आमच्या हातून चुकून घडले, ते माणूस शतकानुशतके जाणूनबुजून करीत आला आहे. अल्ताई पर्वतातील पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे नमदे सापडले. त्यांतला रंगीत चित्रांचा एक भव्य नमदा सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. राजस्थानातील टोंक तर नमद्यांसाठीच प्रसिद्ध. ताणा नाही, बाणा नाही. पिंजलेली लोकर पसरायची, साबणपाणी शिंपडायचे, गुंडाळून रगडायचे. आमची आजी त्याला बुरणूस म्हणे.

अखेर वडिलांनीच कात्री मागितली. बुरणुसाची कड कापली तरी उसवत नाही. पुढची-पाठची बाजू सारखी करून त्यांनी पेटीखाली अंथरली. आता वडीलही नाहीत. आम्ही गायला बसतो तेव्हा पेटी जागची हलत नाही. आणि ती उचलली की बोटे अजूनही टाके शोधतात.