तुळस, तेरडा आणि जीआरई

साताऱ्याजवळच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. सड्यांवरच्या पावसाळी वनस्पतींवर परदेशात पीएच.डी. करायची इच्छा आहे आणि मला जिथे जायचंय तिथे जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण मागतात. इंग्रजीची मला भीती नव्हती. दहावीपर्यंत मराठी माध्यम असलं, तरी त्यानंतरची सगळी पुस्तकं आणि शोधनिबंध इंग्रजीतच वाचले. स्टोमॅटा, झायलेम, ट्रान्स्पिरेशन हे तर रोजच्या बोलण्यातले शब्द. मग क्लासमधून शब्दांची यादी मिळाली. ऑब्सिक्वियस, पार्सिमोनियस, सँग्विन, एनर्व्हेट, नॉइसम, टेन्युअस. पानामागून पानं. इतकं इंग्रजी वाचूनही यातला एकही शब्द ओळखीचा का नाही, हेच मला कळेना.

परीक्षेचं स्वरूप समजून घेतलं तेव्हा गोंधळ आणखी वाढला. भाषेच्या भागात २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. एका प्रकारात वाक्यात एक जागा रिकामी असते आणि खाली सहा शब्द. त्यातले दोन असे निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. एक बरोबर आणि एक चूक असेल तर गुण शून्य. २०११ सालापर्यंत या परीक्षेत सुटे विरुद्धार्थी शब्दही विचारत. तेव्हा पाठांतरावर बरंच भागत असावं. आता शब्दाचा अर्थ येत असूनही उत्तर येत नाही, असं होतं.

तरी मी पाठांतरच करत होते, कारण दुसरं काही माहीत नव्हतं. रात्री म्हटलेले शब्द सकाळी जात. असं का होतं, याबद्दल थोडं वाचलं. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, स्वतःवरच केलेले. पाठ करायला त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट तयार केले होते. अर्थ असला की माणूस आधीच्या ज्ञानाचा आधार घेतो आणि निव्वळ स्मरणशक्ती मोजता येत नाही. असे गट पहिल्या काही तासांतच मोठ्या प्रमाणात विसरले जातात, असं त्याला आढळलं. ते वाचताना मला यादीचीच आठवण झाली. छापणाऱ्यासाठी त्या शब्दांना अर्थ होता. माझ्यासाठी ते एबिंगहाउसचे अक्षरगटच होते.

वाट सापडली ती वर्गात. फळ्यावर तुळशीचं शास्त्रीय नाव लिहीत होते, ऑसिमम टेन्युइफ्लोरम, आणि हात थांबला. टेन्युइफ्लोरम म्हणजे नाजूक, बारीक फुलांची. यादीतला टेन्युअस म्हणजे क्षीण, तकलादू. अटेन्युएट म्हणजे बारीक किंवा दुबळं करणं. तोच लॅटिन धातू. तुळशीचं जुनं नाव ऑसिमम सँक्टम, म्हणजे पवित्र. आणि यादीतला सँक्टिमोनियस म्हणजे सोवळेपणाचा आव आणणारा. घरी येऊन मी शब्दांची यादी बाजूला ठेवली आणि माझी वनस्पतींची वही काढली.

मग एकेक सापडत गेलं. जखमेवर जिचा पाला चोळतात ती एकदांडी म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, जमिनीवर लोळणारी. त्याच कुळातला रिकम्बन्ट म्हणजे पहुडलेला, आणि सकम्ब म्हणजे खाली पडणं, म्हणून हार मानणं. लाजाळूचं नाव मिमोसा पुडिका, लाजरी. जिला लाज नाही ती व्यक्ती इम्प्युडन्ट. आंब्याच्या मँजिफेरामधला फेरा म्हणजे धारण करणारा; आवाज वाहून नेणारा तो व्होसिफरस.

सर्वांत जास्त रमले ती तेरड्यापाशी. तेरड्याला लिनीयसने १७५३ साली इम्पेशन्स बाल्समिना हे नाव दिलं. पिकलेल्या शेंगेला बोट लागायचा अवकाश, ती फुटून बिया उडतात. तिला दम नाही, म्हणून इम्पेशन्स. मुळातला लॅटिन धातू सोसण्याचा आहे. सोसतो तो पेशंट, मग दवाखान्यातला असो की स्वभावाने धीराचा. जे नुसतं सोसतं, स्वतः काही करत नाही, ते पॅसिव्ह. दुसऱ्याबरोबर सोसणं म्हणजे कम्पॅशन. पॅशन हा शब्दही तिथलाच. सिनेमाच्या जाहिरातींमुळे आपण त्याचा अर्थ प्रेमाचा आवेग एवढाच धरतो, पण आधी तो यातनांसाठी होता, विशेषतः ख्रिस्ताच्या. आपल्या कृष्णकमळाचं शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा आहे ते त्यामुळे. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मिशनऱ्यांना त्या फुलात काट्यांचा मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले. आपल्याकडे त्याच तंतूंमध्ये शंभर कौरव, त्याच पुंकेसरांमध्ये पाच पांडव आणि त्याच तीन कुक्षींमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश पाहतात. मला हे फार सुंदर वाटतं. आणि यादीतला डिस्पॅशनेट त्यानंतर कधीच विसरला नाही: ज्याला आवेग हलवत नाही तो, म्हणून तटस्थ. तो बहुतेक वेळा प्रशंसेचा शब्द असतो. इम्पॅसिव्ह त्याचा भाऊबंद, पण तो चेहऱ्याचा. काही सोसतोय की नाही, हे ज्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही तो.

धातू दरवेळी हात देतात असं मात्र नाही. एनर्व्हेटमध्ये नर्व्ह दिसते, कानाला तो एनर्जीच्या जवळचा वाटतो, आणि अर्थ आहे शक्ती काढून घेणं. नॉइसमचा आवाजाशी काही संबंध नाही. तो अॅनॉय या शब्दाच्या घरचा आहे आणि अर्थ आहे किळसवाणा, विशेषतः वासाने. तो मी जंगली बदामाशी बांधून ठेवला. स्टर्क्युलिया फोएटिडा, जिच्या फुलांचा दर्प लांबूनच येतो. यादीत पुढे फेटिडही होताच, दुर्गंधी. तरीही अशा फसव्या शब्दांपुढे मी अजून दरवेळी थबकते.

खरी अडचण त्यापुढची आहे. फ्रूगल आणि पार्सिमोनियस या दोन्हींसमोर माझ्या खिशातल्या कोशात काटकसरी आणि कंजूष असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेत. मराठीत मला कोणी शिकवायची गरज नाही: माझ्या आजीला काटकसरी म्हटलं तर ती हसेल, चिक्कू म्हटलं तर घरातून घालवून देईल. इंग्रजीत ही जाण कोशातून येत नाही. त्यासाठी शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कोण कोणाला तो म्हणतं, हे वाक्यांमध्ये पाहावं लागतं. म्हणून आता रोज थोडं डार्विन वाचते. विषय माझा आहे, वाक्यं लांब आहेत आणि शब्द त्यांच्या जागी भेटतात. एखादं पान अजूनही तासभर घेतं. नवा शब्द दिसला की तो पूर्ण वाक्यासह वहीत उतरवते, धातू सापडला तर शेजारी झाडाचं नाव.

परीक्षा अजून द्यायची आहे, गुण किती पडतील ते ठाऊक नाही. पण वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. विद्यार्थिनी म्हणून मी ही नावं केवळ गुणांसाठी पाठ केली; इम्पेशन्स किंवा पुडिका म्हणजे काय, हे वर्गात कधी निघालं नाही. माझ्यासमोर बसणारी बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात आणि इंग्रजी पानाला बिचकतात. शास्त्रीय नाव फळ्यावर लिहिताना त्याचा अर्थ एका ओळीत सांगा, आणि त्या कुळातला एक इंग्रजी शब्दही. त्याला दोन मिनिटं लागतात.