लघवीतला फेस आणि पायांवरची सूज

आज रात्री स्वयंपाकघरात एक छोटा प्रयोग करून बघा. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरा. एकात चमचाभर मीठ विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका. दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च एका बाजूने धरा. मिठाच्या पाण्यातून उजेड आरपार जातो, मध्ये काही दिसत नाही. दुधाच्या पाण्यात मात्र उजेडाचा पट्टा उमटतो. शाळेत याला टिंडल परिणाम म्हणायचे, आठवतं? दुधातले प्रथिनांचे आणि स्निग्धांशाचे कण उजेड विखुरण्याइतके मोठे असतात, पण तळाशी बसण्याइतके जड नसतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. कणांचा आकार साधारण 1 ते 1000 नॅनोमीटर.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर रसायनशास्त्र कुठे शिकवायला लागले? सांगतो.

माझ्या आत्याला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एका दिवाळीला ती म्हणाली, "अरे, सकाळी डोळे सुजलेले असतात माझे. आणि बाथरूमला गेलं की साबणाचं पाणी ओतल्यासारखा फेस होतो." मी फराळाच्या ताटावर होतो. म्हणालो, "संडास साफ करायचं लिक्विड राहिलं असेल ग. आणि मीठ जरा कमी कर." रुग्णाने हे सांगितलं असतं तर मी लगेच तपासणी लिहून दिली असती. घरच्यांचं आपण ऐकतो, तपासत नाही.

आपलं रक्तही कलिल आहे. त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतात तयार होतं. मीठ, साखर, युरिया हे लहान रेणू केशवाहिनीच्या भिंतीतून सहज ये-जा करतात. अल्ब्युमिन मोठं असल्याने बहुतेक आतच राहतं आणि पाण्याला आत ओढून धरतं. ही ओढ साधारण 25 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाएवढी असते आणि तिचा मोठा वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. ते खूप कमी झालं की पाणी रक्तवाहिनीबाहेर झिरपून ऊतींमध्ये साचतं. रात्रभर आडवं असल्यामुळे सकाळी ते डोळ्यांभोवती दिसतं, दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पायांवर.

मूत्रपिंडाची गाळणीही अशीच निवड करते. युरिया जाऊ देते, अल्ब्युमिन अडवते. 1861 साली थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्यातून हीच विभागणी करून दाखवली, लघवीतला युरियासुद्धा त्याने असाच वेगळा केला. पडद्यातून सहज न जाणाऱ्या पदार्थांना त्याने सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'कोलॉइड' नाव दिलं आणि या क्रियेला 'डायलिसिस'. आज ज्या शब्दाने रुग्णाच्या घरात शांतता पसरते, तो इथून आला.

मधुमेहात हीच गाळणी हळूहळू खराब होते आणि अल्ब्युमिन लघवीतून जायला लागतं. प्रथिनं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, म्हणून फेस होतो आणि लवकर विरत नाही. प्रत्येक फेस म्हणजे आजार नव्हे. धार जोरात पडली किंवा भांड्यात क्लीनर असलं तरी बुडबुडे येतात, पण ते थोड्या वेळात विरतात. रोज येणारा, टिकून राहणारा फेस मात्र तपासून घ्यायलाच हवा.

पूर्वी दवाखान्यात परीक्षानळीत लघवी उकळून बघत. प्रथिन असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळून गढूळपणा येई. मग ॲसिटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिन. मी विद्यार्थी असताना हे कितीदा तरी केलं होतं. आत्याच्या वेळी आठवलं नाही.

होळीच्या सुमारास तिच्या नडगीवर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. रक्तातलं अल्ब्युमिन 2.3 निघालं, साधारणपणे ते 3.5 च्या वर हवं. क्रिएटिनिनही वाढलेलं होतं. दिवाळीतच तपासलं असतं तर काही महिने आधी उपचार सुरू झाले असते, एवढं मला नक्की माहीत आहे.

तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर फेसाची वाट बघू नका. फेस दिसण्याच्या खूप आधी अल्ब्युमिन थोडं थोडं जात असतं. वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी करा, सकाळची पहिली लघवी द्या. 30 च्या आत असेल तर ठीक. जास्त आलं तर घाबरू नका, ताप किंवा भरपूर व्यायामानंतरही ते वाढतं, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. सूज आली म्हणून मनाने पाणी कमी करणं किंवा लघवीच्या गोळ्या घेणं, दोन्ही टाळा.

आत्या आता गाळणीवरचा दाब कमी करणाऱ्या गोळ्या घेते. डायलिसिसची वेळ आलेली नाही. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट मला पाठवते आणि खाली लिहिते, "फराळ झाल्यावर बघितलास तरी चालेल."