दोन मास्तरांची शाळा

मी भाताच्या गिरणीत कामाला आहे. कविता लिहितो ती पाळी सुटल्यावर. दिवाळीनंतर मावळातलं भात झोडून होतं, आणि तिथून शिमग्यापर्यंत आमच्या अंगावरचा कोंडा काही निघत नाही. पोती येतात. पोत्यावर खडूनं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. ते वाचायचं, वजन वहीत मांडायचं, तांदूळ-कणी-कोंडा ज्याचा त्याला परत द्यायचा, हे माझं काम. पोती उचलणाऱ्या गड्यापेक्षा मला रोजाला चार पैसे जास्त मिळतात, ते एवढ्याचसाठी की मला वाचता येतं. पुढचं वाचन मी रद्दीच्या दुकानातनं आणि विहारातल्या कपाटातनं उचललं. कॉलेज पाहिलं ते रस्त्यावरनं. पण अ, आ, ई काही रद्दीतनं मिळत नाही. ते मला वाडीच्या शाळेत मिळालं.

म्हणून शाळेवर लिहितो. आपल्या अंकात शाळेवर कमी लिहिलं जातं, असं माझं मत आहे. मोर्चावर, पोलीस ठाण्यावर, गावच्या पाटलावर पानं भरतात. शाळा मात्र अशी बिनआवाजाची मरते की बातमीसुद्धा होत नाही.

मी लोहगडवाडीचा. मळवलीला लोकलमधनं उतरायचं, भाजे गाव ओलांडायचं, लेणी उजव्या-डाव्या हाताला राहतात ती पाहत वर चढायचं, गायमुखाची खिंड गाठायची. एका अंगाला विसापूर, दुसऱ्या अंगाला लोहगड, आणि गडाच्या पायाशी आमची वाडी. पलीकडं पवनेचं पाणी. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, बारा किल्ल्यांत आमचा एक. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते आणि वाडीतली पोरं लिंबू सरबत, ताक, काकडी घेऊन पायऱ्यांवर बसतात. सुट्ट्या पैशांचा हिशोब त्यांना झटक्यात येतो. तो हिशोब कुठनं आला, हे पर्यटक विचारत नाही.

मी शाळेत होतो तेव्हा दोन मास्तर होते. एक वडगावकडनं मोटारसायकलनं यायचे, दुसरे खालच्या गावात खोली करून राहायचे. आता 'दोन' हा आकडा नीट ध्यानात घ्या, कारण सगळी मारामारी या आकड्यावर चाललीय. पहिली ते चौथी चार वर्ग, पोरं थोडी. बाहेरच्याला वाटतं, एवढ्याशा पोरांना दोन मास्तर कशाला? एकानं भागत नाही का?

नाही भागत. कसं ते सांगतो. मास्तर म्हणजे फक्त फळा आणि खडू नाही. वडगावला पंचायत समितीत बैठक असली की एक जण गेला. केंद्रावर शिक्षण परिषद असली की गेला. निवडणूक आली, मतदार यादी आली, सर्वेक्षण आलं की गेला. पोराचं आधार कार्ड जुळत नाही, पोर्टल उघडत नाही, मोबाईलला रेंज नाही म्हणून मास्तर टेकाडावर जाऊन उभा. त्यात खिचडी. पहिली ते पाचवीला पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ मोजायचा, डाळ मोजायची, शिजलं की आधी आपण चव घ्यायची आणि चव घेतली म्हणून रजिस्टरला सही ठोकायची. मी गिरणीत तांदळाचा हिशोब ठेवतो त्याचा मला पगार मिळतो. मास्तर तो हिशोब शिकवण्याच्या वेळात ठेवतो. दुसरा मास्तर असला तर पोरं वर्गात बसतात. तो नसला तर शाळेला कुलूप, आणि पोरं करवंदीच्या जाळीत. एकशिक्षकी शाळा म्हणजे अर्धा वेळ बिनशिक्षकी शाळा.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. साठच्या खाली किती पोरं असली म्हणजे एक मास्तर काढून घ्यायचा, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून मास्तराला बिगरशिक्षणाच्या कामाला जुंपू नका. चांगलं आहे. पण ही तीन दारं उघडी ठेवली की चौथं-पाचवं आपोआप उघडतं, हे कुठल्याही वाडीतलं शेंबडं पोर सांगेल.

आता सरकारनं काय काय केलं ते बघा. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव मागवले. आपल्याच पुणे जिल्ह्यातलं पानशेत त्यासाठी नमुना म्हणून दाखवलं. अशा शाळा राज्यात १४ हजार ७८३, पोरं १ लाख ८५ हजारांवर, शिक्षक २९ हजारांवर. भागाकार करा. शाळेमागं बारा-तेरा पोरं आणि दोन मास्तर. कागदावर ही चैन दिसते. पण ही बारा पोरं कोण आहेत, ते कागदावर दिसत नाही. ज्याच्या बापाला परवडतं त्याचं पोर पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत गेलं. मागं राहिलं कोण? ठाकराचं, कातकऱ्याचं, बौद्धवाड्यातलं, धरणाकाठी बंगले बांधायला मराठवाड्यातनं आलेल्या मजुराचं. पट कमी झाला म्हणजे शाळा निकामी झाली असं नव्हे. पट गाळून गाळून आपल्यापाशी आला. आणि आपल्यापाशी आला तेव्हाच नेमकी ती परवडेनाशी झाली!

समूह शाळेला बस देऊ म्हणतात. लोणावळ्याच्या अंगाला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात खिंडीत धुकं उतरलं की हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत, ओढे रस्त्यावरनं वाहतात. त्या रस्त्यानं सहा वर्षांची पोर जाईल का? पोरगा कदाचित जाईल. पोरगी घरी राहील, धाकट्याला सांभाळील, आणि चौदा-पंधराची झाली की लग्नाची बोलणी.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. आपण ते नाव जयंतीला घेतो, पण निवेदनात काय आहे ते बघा. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा हे तर आहेच. त्याच्या जोडीला मास्तराची चौकशी आहे. मास्तर शिकवून तयार केलेला असावा, होता होईल तो शेतकरी जातीतला असावा, पोरांत मिसळणारा असावा, आणि त्याला महिन्याला १२ रुपयांच्या खाली पगार नसावा. त्या काळात माणूस मास्तराच्या पगारावर बोलतोय! पुढं मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात उभे राहिले. शिक्षणावर सरकार माणशी १४ आणे खर्चतं आणि दारूच्या आबकारीतनं माणशी दोन रुपयांच्या वर उकळतं, हा हिशोब त्यांनी तोंडावर फेकला. शाळेत आलेल्या शंभरातली अठराच पोरं चौथीपर्यंत पोचतात, हेही सांगितलं. तो महिना चवदार तळ्याचा. एकाच महिन्यात पाणी आणि शाळा. आपण तळं लक्षात ठेवलं.

आता कुणी म्हणेल, मास्तरांची वकिली आपण कशाला करायची? प्रश्न खरा आहे. तो माझ्याही पोटात आहे. पाचवीनंतर मी खालच्या एका हायस्कुलात गेलो. तिथं एक सर वर्गात येऊन म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे रहा." आम्ही चार जण उभे राहायचो. सगळा वर्ग मान वळवून बघायचा. अर्ज भरून झाला तरी "बसा" म्हणायचे नाहीत. तास संपेपर्यंत उभे. मी आठवीत शाळा सोडली त्याला घरची गरिबी कारण होती, आणि हे उभं राहणंही होतं. ते सर अजून नोकरीत असतील. त्यांच्यासाठी मोर्चात जा म्हणून मला कुणी सांगू नये.

पण वाडीवरचे ते खोली करून राहणारे गुरुजी? ते जातीनं कोण होते, मला आजतागायत ठाऊक नाही. पावसात पोरं येत नसत तेव्हा ते वाड्यात यायचे. आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणायचे, "वहिनी, ह्याला उद्या धाडा, पोतं घ्या डोक्यावर, भिजला तर भिजू द्या." चहा दिला की प्यायचे. जोतीराव 'मिसळणारा मास्तर' म्हणत होते तो हाच असणार. असा मास्तर आभाळातनं पडत नाही. त्याला कायम नोकरी पाहिजे, पोट भरेल असा पगार पाहिजे, बरोबर एक सोबती पाहिजे आणि शिकवायला मोकळा वेळ पाहिजे. नव्या मास्तराला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकच्या सेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६ हजार मिळायचे, मग १६ हजार झाले. गाव लांब, खोलीभाडं, पेट्रोल. आमच्या गिरणीतला ड्रायव्हर त्याच्यापेक्षा जास्त उचलतो.

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पदं ठरवायचे निकष बदलले, लहान शाळांवर घाव बसला. सप्टेंबरात वीसच्या आतल्या शाळेतला एक कायम शिक्षक काढून तिथं सेवानिवृत्त किंवा कंत्राटी माणूस बसवायचा शासन निर्णय निघाला. २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. आमच्याच एका कार्यकर्त्या मित्राची प्रतिक्रिया होती, "पगार वाढवून पाहिजे असंल भाड्यांना." अरे, पगाराचा मोर्चा नव्हता तो! त्या मागण्यांत तुझ्या वस्तीची शाळा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं तो कंत्राटी मास्तरांचा निर्णय मागं घेतला. मास्तर एकटे लढले आणि निम्मं जिंकले. वस्त्या बरोबर असत्या तर? संचमान्यतेचं भांडण तर अजून बाकीच आहे. त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. परीक्षेला माझा विरोध नाही. मास्तरही तपासला गेला पाहिजे. पण माझ्या त्या उभं करणाऱ्या सरांचा माज कुठल्या प्रश्नपत्रिकेत पकडणार? ते पहिल्या फटक्यात पास होतील.

'सरकारी म्हणजे हलकं' हे आपल्या पोरांच्याही तोंडात बसलंय. मी त्यांना इंद्रायणी दाखवतो. मावळाचा इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईत मिरवतात, वासावर भाव सांगतात. ते वाण वडगाव मावळच्या सरकारी भात संशोधन केंद्रातनं आलं, आंबेमोहोर आणि आयआर-८ चा संकर करून. पगारी सरकारी माणसांनी वर्षानुवर्षं खाचरात उभं राहून काढलं. त्याला कुणी हलकं म्हणत नाही. शेजारच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट नसल्यानं बंद पडायला टेकली होती. मास्तर आणि गाव एक झाले, पोरं पोरांना शिकवायला लागली, आणि २०२५ मध्ये त्या शाळेनं जगातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार घेतला. प्रत्येक वाडीत असं होईल, असं मी म्हणत नाही. एका चांगल्या शाळेचा फोटो दाखवून बाकीच्यांना नावं ठेवायची, हाही एक सरकारी खेळ आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, आणि वंचित घरांच्या पालकांना पोरांच्या प्रमाणात जागा. जयंतीच्या वर्गणीला आपण रात्र-रात्र जागतो. या समितीत कोण बसतंय, हे विचारायला किती जण जातात? बहुतेक ठिकाणी गावातला एखादा दादा खुर्ची धरून बसतो आणि बायांचे अंगठे घरोघर जाऊन घेतले जातात.

माझी अक्का धरणापलीकडच्या एका वाडीत दिली आहे. तिची पोरगी तिसरीला. शाळेत अकरा पोरं, मास्तर दोन, त्यातला एक सदा बाहेर. गेल्या साली ती समितीवर गेली. चौथी शिकलेली बाई. पहिल्या बैठकीत दादा म्हणाले, "वहिनी, सही करा, झालं." ती म्हणाली, "आधी वाचून दावा." वाचलं. मग तिनं एकच गोष्ट मागितली. गुरुजी ज्या दिवशी वर्गावर नसतील, त्या दिवशी कुठं गेलेत ते व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचं, आणि महिन्याच्या शेवटी त्याची बेरीज समितीच्या वहीत उतरवून वडगावला धाडायची. दादांना वाटलं ही मास्तरांवर उठली. मास्तरच म्हणाले, "लिहा ताई. आमचं कुणी ऐकत नाही, तुमची वही तरी ऐकतील."

परवा मी गेलो तेव्हा भाचीनं फळ्याशी नेलं. तिच्याच अक्षरात तारखा होत्या. ४ ला बैठक. ७ ला ऑनलाइन माहिती. ११, १२, १३ मतदार यादी. १८ ला प्रशिक्षण. 'प्रशिक्षण' तिनं चुकवलं होतं, गुरुजींनी लाल खडूनं नीट करून दिलं होतं. खाली बेरीज करायला जागा सोडली होती, महिना संपायला अजून नऊ दिवस होते.