मजुरीची ओळ

मी आरा मिलात मजूर आहे. दिवसभर फळ्या ओढतो, रात्री कविता लिहितो. शाळा नववीत सुटली. अक्षरं सुटली नाहीत. आधी टिनाच्या पाट्या रंगवायचो, आता लाकडाच्या करतो. आज एका पाटीचा हिशेब मांडतो. कवितेपेक्षा तो मला जड गेला.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातीवरची नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यायची. कागद निघाला. पण एसटीतून उतरलेला माणूस अजून 'महारवाडा कुठी हाये' म्हणूनच विचारतो. म्हणून मंगरूळपीर रस्त्यावरच्या आमच्या वस्तीनं ठरवलं, पाटी लावायची. टिनाची नको, गंजते. सागवानाची. नाव ठरलं, डॉ. आंबेडकर नगर. काम माझ्याकडं आलं.

फळी मिलातली. एका पाडलेल्या वाड्याची तुळई चिरून काढलेली. जुनं सागवान वाळलेलं असतं, पीळ खात नाही. ओलं लाकूड घेतलं तर पाटी पहिल्याच उन्हाळ्यात वाकते. फळीवर जाड चिकट रबर लावायचं. त्यावर अक्षरं काढून कापायची. अक्षरांवरचं रबर ठेवायचं, भोवतालचं सोलून काढायचं. मग कॉम्प्रेसरच्या हवेनं वाळू मारायची. सँडब्लास्ट म्हणतात ते. रबर वाळूला परतवतं, उघडं लाकूड झिजतं. वलयांमधला मऊ भाग आधी जातो, कठीण रेषा वर राहतात. अक्षरं उठून येतात. मऊ लाकूड लवकर झिजतं. सागवान वेळ खातं. वेळ म्हणजे वाळू, वीज आणि माणूस.

शहरात एक काचेचं दुकान आहे, दारांच्या काचांवर फुलं-वेली मारून देणारं. मागच्या शेडात एक पोरगा मारा करतो. मांगवाड्यातला. तोंडाला गमछा, भुवया पांढऱ्या. मालकानं चौरस फुटाला १५० सांगितले. मी घासाघीस करून १२० वर आणले. सहा फुटांत १८० वाचले. लय हुशार वाटलं मला.

मारा सुरू करण्याआधी पोरानं फळीवरून हात फिरवला. म्हणाला, "भाऊ, हा टिपका उडून जाते. बारकं रबर हवेनं उखडते. बाकीचं रेघीले धरून राह्यते." त्यानं अनुस्वाराच्या रबराखाली वेगळा गोंद लावला, वाळेपर्यंत थांबला. नाहीतर बाबासाहेबांचं नाव 'आबेडकर' झालं असतं. त्या पोराचं नाव मी तेव्हा विचारलंही नाही.

हिशेब असा. पाटी ४ फूट बाय दीड फूट, जाडी दीड इंच, म्हणजे पाऊण घनफूट. जुनं सागवान मला घनफुटाला २,४०० नं पडलं, त्याचे १,८००. रबर २५०. मारा ७२०. रंग, तेल, वार्निश ३५०. झाले ३,१२०. मिलात मला रोज ५००. म्हणून तीन दिवसांची माझी मजुरी १,५००. एकूण ४,६२०.

विहारात बैठक बसली. मी हिशेब वाचला. ३,१२० पर्यंत कोणी बोललं नाही. मजुरीची ओळ आली आणि गलका झाला.

"काऊन रे, समाजाच्या कामाची मजुरी घेतं का तू?"

"तू तं कवी हायेस. कार्यकर्ता हायेस."

लाकूडवाल्याला कोणी विचारलं नाही, रबरवाल्याला नाही. मला विचारलं. मी म्हटलं, "दादा, १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. काम काय ते ठरवा, मोबदला काय तो ठरवा, हीच मागणी होती. गाव काय म्हणायचं आपल्याले? गावाचं काम हाये, मजुरी कायची, घे भाकर. आता गावाच्या जागी समाज म्हणायचं अन् भाकरीच्या जागी जयभीम?"

बैठक चिडीचूप झाली. बरं वाटलं. पण घरी आलो तर झोप येईना. 'मारा ७२०' ही ओळ डोळ्यांपुढून हलेना. ते वाचवलेले १८० कोणाचे होते?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालकानं भाव उतरवला की पोराचा वाटा उतरतो. फुटामागं त्याला ४० मिळायचे, माझ्या पाटीला २५ मिळाले. खोकत खोकत सांगितलं त्यानं.

वाळू लाकडावर आपटते आणि फुटते. तिची धूळ डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक. गमछ्यातून आरपार जाते, फुप्फुसात बसते, तिथं वण करते. सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात, सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत तो होता. ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी वाळूचा असा मारा बंद केला. तुर्कस्तानात जीन्स पांढुरक्या करणारी तरुण पोरं या रोगानं मेली, तेव्हा २००९ मध्ये तिथं बंदी आली. वाळूऐवजी अॅल्युमिनियम ऑक्साईड मारता येतं. बंद पेटीत मारलं तर तेच पुन्हा वापरता येतं. ताजी हवा पुरवणारा टोपही मिळतो. पण हे सगळं भावात धरावं लागतं. मी तर भाव उतरवून आलो होतो. गाव आमच्याशी वागलं तसाच मी त्याच्याशी वागलो.

वस्तीनं मजुरीचे १,००० दिले. ५०० बाकी आहेत. दर रविवारी मागतो, लाज वाटत नाही. मिळाले त्यातले १८० पोराला नेऊन दिले. मदत म्हणून नाही, बाकी म्हणून. नावही विचारलं. इथं लिहीत नाही, त्याचं काम जाईल.

दोस्तहो, जयंतीची कमान, मोर्च्याचे फलक, शाखेची पाटी, सगळ्यांमागं कोणीतरी राबलेलं असतं. हिशेब करताना त्याची ओळ शोधा. ओळ नसेल तर हिशेब खोटा आहे, वर कोणाचंही नाव असो.

आता मी पाटीचा भाव सांगतो तेव्हा पहिली ओळ मारा करणाऱ्याची, त्याच्या टोपासकट. दुसरी माझी. लाकूड शेवटी. एवढं परवडत नसेल तर छिन्नीनं कोरून देतो. पाच दिवस लागतील. त्याचे २,५०० होतील.