जिभेवर उरलेलं वाचन

वाचलेल्या पानातलं मागे काय राहतं असं विचारलं, तर बहुतेक जण विचार, आशय, एखादं पात्र अशी भारदस्त उत्तरं देतात. पण भाजी निवडताना किंवा एसटीची वाट पाहताना न बोलावता तोंडाशी येतं ते निराळंच असतं. पाठ्यपुस्तकातल्या कवितेचं अर्धं कडवं, पाढ्याचा मधलाच तुकडा, भिंतीवर वाचलेली घोषणा, कुठल्याशा धड्यातलं एखादं ठसकेबाज वाक्य. ते दिवसभर घोळतं आणि हाकलून जात नाही. माझा अभ्यास छंदांचा आणि उच्चारांचा असल्यामुळे या घोळण्याकडे मी करमणूक म्हणून पाहू शकत नाही. मला ते पुरावा वाटतं. वाचलेले शब्द अडकतात ते वाचणाऱ्याच्या स्वतःच्या जिभेवर, तिच्या घरच्या वळणात अडकतात, आणि जे तसं अडकलं ते छापील कागदावरून निघून माणसापर्यंत पोचलेलं असतं. जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांतल्या शाळांविषयी ‘पोरांना नुसती चाल पाठ होते, बाकी शून्य’ असं जे सर्रास बोललं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. चाल राहिली म्हणजे काय राहिलं, हे आधी नीट पाहायला हवं.

डोक्यात अडकणाऱ्या सुरांवर गेल्या दोन दशकांत बरंच संशोधन झालं. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या केली याकुबॉव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 3000 लोकांच्या उत्तरांवरून 2017 साली असं दाखवलं की अडकणारं गाणं बहुधा जलद लयीचं असतं. त्याचं एकूण वळण ओळखीचं, पण मध्येच एखादी अनपेक्षित उडी असते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रेडिंग विद्यापीठातल्या फिलिप बीमन यांच्या गटाचा 2015 सालचा प्रयोग. गाणं ऐकवल्यावर ज्यांना च्युइंगम चघळायला दिलं, त्यांच्या मनात ते गाणं कमी वेळा उमटलं. जबडा आणि जीभ दुसऱ्या कामाला लागली की अडकलेला सूर ढिला पडतो. कानात गाणं वाजतंय असं आपण म्हणतो खरं, पण बरंचसं काम चाललेलं असतं तोंडात, आवाज न करता. मूकवाचनाचंही तसंच. एडमंड ह्यूई या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1908 मध्येच वाचनाच्या आत चालणाऱ्या या निःशब्द बोलण्याची दखल घेतली होती. तो आतला आवाज कुणाचा असतो, हे मात्र 2011 मध्ये नॉटिंगहॅमच्या रूथ फिलिक आणि एमा बार्बर यांनी फार चतुराईने पकडलं. त्यांनी उत्तर आणि दक्षिण इंग्लंडच्या लोकांना लिमरिक, म्हणजे पाच ओळींची यमकबद्ध कडवी, मनातल्या मनात वाचायला दिली आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या. ‘बाथ’मधला ‘आ’ दक्षिणेत लांब, उत्तरेत आखूड. त्यामुळे एकाच कडव्याचं यमक एका गटाला जुळत होतं, दुसऱ्याला नाही. जिथे वाचकाच्या आपल्या उच्चारात यमक मोडलं तिथे डोळा अडखळला. ओठ मिटलेले, खोलीत शांतता, तरी माणूस वाचत होता ते आपल्या गावच्या आवाजात.

या दोन प्रयोगांच्या शेजारी आपला बेचा पाढा ठेवून पाहावा. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. यातले त्रिक, चोक, सक हे शब्द आज मराठीत दुसरीकडे कुठे सहज ऐकू येतात? बाजारात कुणी सक केळी मागत नाही. पाढ्याबाहेर हे शब्द जवळजवळ बेरोजगार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना जगवलं ते फक्त चालीने. आणि ‘बारा सत्ते’ अचानक विचारलं तर कित्येक सुशिक्षित माणसं मनातल्या मनात ‘बारा पंचे’पासून धावत येतात. साखळीतली एक कडी सुटी काढता येत नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची जुन्या शाळांतली सगळी व्यवस्था याच धावेवर उभी होती. हे शब्द अर्थावाचून टिकले असं म्हणणंही चूक ठरेल. त्यांचा अर्थ साखळीतल्या त्यांच्या जागेत आहे, आणि ती जागा जिभेला ठाऊक असते.

आता जव्हार-मोखाडा. या दोन तालुक्यांची नावं 1990च्या दशकात वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली आणि त्यानंतर इथल्या मुलांविषयी बोलताना काय नाही याचीच यादी वाचायची सवय लागली. आवाजाच्या बाबतीत ही यादी साफ खोटी आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा समाजांच्या बोली इथे एकमेकींना लागून नांदतात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या 1905 सालच्या सातव्या खंडात वारली, ठाकरी, कातकरी यांचे नमुने आलेले आहेत. वारल्यांच्या लग्नात सवासिनी भिंतीवर चौक काढतात आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. भगत घांगळीच्या तारेवर कणसरी या धान्यदेवतेची कथा लावतो. कोकण्यांच्या थाळगानात काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक बारीक काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढत राहतात. थाळी गुणगुणत राहते आणि त्या एकसुरी गुंजनावर कथा पुढे सरकते. तारप्याला तर शब्दच नाहीत. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, न तुटणारा श्वास. सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो याच वाद्यासाठी. लांबच लांब मजकूर चालीवर पेलायचा कसा, हे ज्या घरात मुलाला उपजत ऐकायला मिळतं, तिथलं मूल शाळेतल्या कवितेची चाल आधी उचलतं यात नवल कसलं? त्या कवितेतले शब्द मात्र ते आपल्या बोलीच्या साच्यातून म्हणतं, आणि गुरुजी म्हणतात, चुकलं.

चूक कुठे होते ते जवळून पाहू. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’त मराठी पद्याची जी विभागणी केली तिच्यातला मुख्य भेद इथे फार कामाचा आहे. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची बेरीज ठरलेली. छंदात मात्र लघु-गुरूचा भेद सोडून नुसती अक्षरं मोजायची आणि म्हणताना प्रत्येक अक्षर सारखंच लांबवायचं. अभंगाचा सहा-सहा-सहा-चारचा हिशोब असा अक्षरांचा आहे. उदाहरणापुरते चारच शब्द घेतो: ‘नदीत पाणी, रानी वारा’. मात्रा मोजल्या तर आठ आणि आठ, पाठ्यपुस्तकांच्या लाडक्या पादाकुलक जातीत चपखल. आता ‘नदीत’च्या जागी अहिराणीसारखा ‘मा’ किंवा गुजरातीसारखा ‘मां’ लावणाऱ्या मुलाने ‘नदीमा’ म्हटलं, तर एक मात्रा वाढली आणि ओळ लंगडली. अक्षरं मोजली तर ‘नदीत’ही तीन, ‘नदीमा’ही तीन, छंदाचं काहीच बिघडलं नाही. म्हणजे मात्रेवर बांधलेली कविता मुलाकडून प्रमाण उच्चाराची सक्तीने वसुली करते, अक्षरावर बांधलेली कविता त्याला आपल्या बोलीनिशी आत येऊ देते. आपल्या ओवी-अभंगांचा प्रवास इतक्या बोलींमधून झाला त्यामागे भक्तीइतकाच हा छंदाचा सैलपणाही आहे, असं माझं मत आहे. वृत्ताचे अभिमानी यावर नाक मुरडतील. त्यांनी एकदा भुजंगप्रयात आपल्या सोडून दुसऱ्या कुठल्याही बोलीत म्हणून पाहावा.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘नदीत’ हा शब्द दोनच ठोक्यांत संपवतो, ‘न-दीत्’. शेवटच्या ‘त’मधला अकार गिळला जातो. लिहिताना मात्र तो ‘त’ पुरा असतो, आणि नव्याने वाचायला शिकणाऱ्याची पंचाईत होते: कागदावर तीन अक्षरं, कानाला दोन. ओवी किंवा अभंग गाताना हा गिळलेला स्वर परत येतो. न-दी-तऽ, प्रत्येक अक्षराला आपला ठोका मिळतो. देवनागरीचं एकक अक्षर आहे आणि छंदाचं एककही अक्षर आहे. अडकलेल्या छंदाच्या चालीत म्हणून नुसता सूर नसतो, लिपीची मोजणी भरलेली असते. पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं होतं की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज ओळखता येतात ती पुढे वाचन लवकर साधतात. ते काम इंग्रजीवरचं आहे आणि तिथली लिपी निराळी, म्हणून ते निष्कर्ष जसेच्या तसे इकडे आणणं मला मान्य नाही. पण आवाजाचा तुकडा आणि लिपीचा तुकडा जितके जवळ, तितका चालीचा उपयोग जास्त, असं धरलं तर मराठीची बाजू इंग्रजीपेक्षा भक्कमच ठरते. डहाणूकडच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या, तिथे गाण्याला मानाची जागा होती. त्या गाण्याकडे पुढच्या काळात निव्वळ रंजन म्हणून पाहिलं गेलं, हे नुकसानच झालं.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो वजनदार आहे. कविता पाठ असलेलं मूल पुस्तकावर बोट फिरवत धडाधड म्हणतं, पण बोट असतं दुसऱ्या ओळीवर आणि तोंड तिसऱ्या. पान झाकलं तरी फरक पडत नाही. अनोळखी उतारा समोर ठेवला की गाडी अडते. ‘असर’सारख्या पाहण्यांमध्ये नेमकं तेच मोजलं जातं. मग याला वाचन कसं म्हणायचं? म्हणू नयेच. पाठ असणं आणि वाचता येणं या दोन गोष्टी आहेत. पण बोट आणि तोंड यांच्यातलं ते अंतर हाच शिकवण्याचा मुद्दा आहे. तोंड काय म्हणणार हे आधीच पक्कं असल्यामुळे मुलाला सगळं लक्ष अक्षरांकडे देता येतं. ठोक्याला एक अक्षर, अक्षराला एक बोट. अनोळखी उताऱ्यात त्याला आवाज, अक्षर आणि अर्थ या तिन्ही आघाड्यांवर एकदम लढावं लागतं, तेही परक्या वळणाच्या भाषेत. पाठ झालेली कविता हा वाचनाचा शेवट समजला तर शिक्षकांचा आक्षेप खरा आहे. ती सुरुवात समजली तर उरत नाही. घोकंपट्टीचंही असंच. घोकणं ही केलेली मेहनत, अडकणं हे न मागता घडलेलं. घोकलेलं परीक्षेनंतर बहुधा गळतं. अडकलेलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या मुलाबरोबर भट्टीवरही जातं, जिथे पुस्तक जात नाही.

दुसरा आक्षेप अर्थाचा. साबणाची जाहिरातही अडकते आणि निवडणुकीची घोषणाही; मग अडकण्याला किंमत काय? इथे मला अर्धी माघार घ्यायला हरकत नाही. अडकण्यावरून मजकुराची प्रत कळत नाही. वाईट ओळी तर चांगल्या ओळींपेक्षा चिवट असतात, कारण त्यांत बहुधा दुसरं काही नसतंच. अडकण्यावरून एवढंच कळतं की शब्दाने वाचकाचा आवाज घेतला. पण एवढं कळणंही थोडं नाही. सरकारी योजनांची पत्रकं, आश्रमशाळेच्या भिंतींवरचे सुविचार, परिसर-अभ्यासातली ‘केली जाते’, ‘आढळून येते’ अशी कर्मणी वळणाची वाक्यं, यांतलं काय कुणाच्या जिभेवर राहतं? या मजकुराला बोलणारं तोंडच नाही, मग ऐकणारी जीभ कुठून येणार. तो न अडकण्याचा दोष आपण मुलांच्या आकलनावर ढकलतो, हे मला जास्त खटकतं. गद्य अडकत नाही असं मुळीच नाही. बोलणाऱ्याचा श्वास वाक्यात असला की गद्यही घोळतं. आणि अर्थ नंतर येतो, कधी फार उशिरा. लहानपणी नुसता नाद म्हणून राहिलेली ओळ चाळिशीत एकाएकी कळते. न राहिलेल्या ओळीला ती संधीच नसते.

मराठी छपाईत यावर एक जुना उपाय होता. 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतरच्या काळातली नाटकांची आणि पदांची पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असा शब्द दिसतो आणि पुढे वाचकाला आधीच येत असलेल्या एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. नोटेशन नाही, काही नाही. छापणाऱ्याने धरून चाललेलं असे की वाचकाच्या जिभेवर काहीतरी आधीपासून अडकलेलं आहे, आणि नवा मजकूर त्यावर बसवायचा आहे. वाचकावर इतका विश्वास टाकणारी टीप आपल्या छपाईत मला दुसरी माहीत नाही. पाठ्यपुस्तकांतून ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी ‘तालासुरात म्हणा’ अशी सूचना आली. कोणत्या तालात, कुणाच्या सुरात, हे सांगायची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही. मग आता ध्वनिमुद्रण ऐकवून अख्ख्या राज्याला एकच चाल पुरवायची सोय होते. पण धवलेरीचा सूर मोखाड्याला चालेल, कोल्हापूरला चालणार नाही, आणि तो तिच्याकडून उचलून पुण्यात बसून छापणं हा आणखी वेगळा आगाऊपणा होईल. म्हणून मला सुचतं ते इतकंच: पहिली-दुसरीच्या पुस्तकात निदान चार कविता अक्षरछंदातल्या असाव्यात, आणि प्रत्येकीच्या वर ‘चाल’ हा शब्द छापून पुढची जागा मोकळी ठेवावी. ती शाळेने भरायची, मुलांना विचारून, पेन्सिलीने. पुढच्या वर्षीची मुलं वेगळं सांगतील तर खोडता यावी अशी.