स्वल्प तडी!

माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा गेल्या वर्षी भालकीहून आमच्याकडे हैदराबादला आला. चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांची गर्दी असते. तोही तिथे जाऊ लागला. घर जवळच, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो.

पण रात्री दोनला पाणी प्यायला उठले की त्याच्या पांघरुणाखाली उजेड दिसे. "मामी, एवढा एकच गेम," तो म्हणे. एकदा मी फार बोलले. "आईबाप तिकडे शेतात राबतात, लाज कशी वाटत नाही?" तो गप्प राहिला. सकाळी हळूच म्हणाला, "थांबायचं ठरवतो मामी, पण तोवर बोट पुढे गेलेलं असतं."

ते वाक्य मनातून जाईना. मग थोडं वाचलं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१३ साली इंटरनेटच्या आहारी गेलेल्या २१ तरुणांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या. इतरांच्या मानाने त्यांच्या बीटा लहरी कमी, गॅमा लहरी जास्त निघाल्या. उतावीळपणा जास्त, स्वतःला आवरण्याची ताकद कमी. आधी व्यसन की आधी तसा मेंदू, हे अशा मोजणीवरून सांगता येत नाही. पण आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, एवढं नक्की. म्हणजे लाज काढून ब्रेक लागणार नाही.

मला माझी कानडी आजी आठवली. आम्ही पोरं गरम होळगीवर झडप घालायचो, तेव्हा ती "स्वल्प तडी!" म्हणायची आणि म्हणता म्हणता हात धरायची.

आता रात्री दहाला त्याचा फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी असतो. माझाही तिथेच, फोन बघता बघता मी दोनदा दूध उतू घालवलेलं त्याने पाहिलंय. एवढ्याने भागलं नाही, तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं. तिथे जाण्यात कमीपणा कसला?

परवा मध्यरात्री तो स्वयंपाकघरात आला. डब्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग पाणी पिऊन परत गेला. मी जागी होते, पण हाक मारली नाही.